जुनी झाडं राहू देत

किंग्स्टन, लंडन
२८ एप्रिल

प्रिय संजय,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. देवरुखच्या जागेत बाग करायची ठरवलीस हे वाचून फार आनंद झाला. पण 'आधी ऐन-किंजळाची झाडं काढून जागा मोकळी करतो' असं लिहिलंयस, तिथे मी अडखळलो. लगेच उत्तर लिहिणार होतो, पण मधे इझाबेला प्लँटेशन या इथल्या बागेत जाणं झालं. आता जे सांगायचंय ते तिथे पाहिलेल्यावरूनच सांगतो.

रिचमंड पार्क म्हणजे अडीच हजार एकरांचं जुनं शिकारीचं रान. पहिल्या चार्ल्स राजाने १६३७ मध्ये त्याला कुंपण घातलं. हरणं तिथे अजूनही मोकळी हिंडतात. त्याच रानात चाळीसेक एकरांचा एक तुकडा वेगळा राखलाय, तो इझाबेला. त्यालाही कुंपण आहे, नाहीतर हरणं एक कोंब शिल्लक ठेवणार नाहीत. आत जायला तिकीट नाही. आम्ही किंग्स्टन गेटातून चालतच गेलो.

एप्रिल संपता संपता इथे अझेलिया फुलतो. इतका, की झुडपावर पान शोधावं लागतं. आत स्टिल पाँड नावाचं छोटंसं तळं आहे. पाणी काळंभोर, स्तब्ध. काठावरची झुडपं पार पाण्यावर ओणवलेली. गुलाबी, राणी, जांभळी, मधेच एखादं पांढरं, आणि खाली पाण्यात तेच सगळं उलटं. वाऱ्याने गळालेली फुलं काठाशी गोळा झाली होती. मी एक फांदी जवळ घेऊन नीट पाहिली. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडंसं मोठं फूल, पाच पाकळ्या, मधून बाहेर आलेले पाच बारीक केसर. वास म्हणावा तर नाहीच. सुरंगीच्या वासात वाढलेल्या माणसाला ते जरा चुकल्यासारखं वाटतं, पण रंगांनी त्याची भरपाई होते.

यातले पुष्कळसे अझेलिया मूळचे जपानचे, क्युशू बेटावरच्या कुरुमे गावचे. अर्नेस्ट विल्सन नावाचा वनस्पती गोळा करणारा माणूस १९१८ मध्ये तिथे गेला आणि त्याने पन्नास उत्तम जाती निवडल्या. 'विल्सन फिफ्टी' या नावाने त्या आजही ओळखल्या जातात आणि इथे त्यांचा राष्ट्रीय संग्रह जपलाय. कुठलं कुरुमे, कुठलं किंग्स्टन!

आता मुद्द्याचं. ही फुलं पाहताना मान वर केलीस तर दिसतात ओक, बीच आणि चेस्टनटची थोराड झाडं. उद्यानाचे तेव्हाचे उपरक्षक लॉर्ड सिडमथ यांनी १८३१ मध्ये हा तुकडा कुंपणात घेऊन ती लावली, तीही इमारती लाकडासाठी. फुलझाडांचा तेव्हा विचारही नव्हता. बाग झाली ती सव्वाशे वर्षांनी. १९५० नंतर जॉर्ज थॉमसन हे उद्यानाचे अधीक्षक आणि वॉली मिलर हे मुख्य माळी, या दोघांनी ती उभी केली आणि १९५३ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. जागा त्यांनीही मोकळी केली, पण काय काढलं? खाली माजलेलं पाँटिकम नावाचं ऱ्होडोडेंड्रॉनचं झुडूप. ते बाहेरून आलेलं, आपल्याखाली दुसरं काही उगवूच देत नाही. मोठ्या झाडांना मात्र त्यांनी धक्का लावला नाही.

त्याचं फळ आज दिसतं. ओकला आत्ता आंब्याच्या पालवीसारखी तांबूस कोवळी पानं फुटताहेत. त्यांतून ऊन गाळून खाली येतं, म्हणून अझेलिया करपत नाही. वर्षानुवर्षं पडलेल्या पानांनी जमीन भुसभुशीत झालीय. शेजारी ब्लूबेलचे निळे पट्टे. ते तर वरचं छत दाट व्हायच्या आत आपला फुलोरा उरकून घेतात. सगळं एकमेकांच्या वेळा सांभाळून चाललेलं.

संजय, तुझ्याकडे हे छत आयतं उभं आहे रे! ऐनाचा वृक्ष उन्हाळ्यात पानं गाळतो, त्या पानांचं सोनं होतं. तो तोडलास तर मे महिन्यात उघड्या कातळावर शिंपण करून थकशील. तुझं पाँटिकम म्हणजे रानमोडी आणि घाणेरी, ती मुळासकट काढ. सावलीत पेव लाव, रानहळद लाव. पावसाळ्यात बघ कशी उठतात ती. जिथे ऊन जरा जास्त पोचतं तिथे अबोली. कडेला दोन-तीन सुरंगी लाव. फुलायला वर्षं लागतील, लागू देत. अझेलियाचा हट्ट मात्र धरू नकोस, आपला उष्मा त्याला सोसणार नाही.

आणि झाडांचा सौदा ठरवला असशील तर मोड. इसार दिला-घेतला असेल तर आकडा कळव, तो माझ्याकडून. दिवाळीनंतर मी येतोय. आपण दोघं कोयता घेऊन सबंध जागा फिरू, कुठे ऊन पडतं, कुठे ओल टिकते ते पाहू आणि मगच काय लावायचं ते ठरवू. तोवर फक्त रानमोडी.

काकूंना शिरसाष्टांग नमस्कार. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पत्राचं उत्तर लवकर पाठव, वाट पाहतोय.

तुझा,
अविनाश