आरोग्यमंत्री साहेब, केसपेपरवर एक ओळ वाढवा

मा. आरोग्यमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

दारूबंदी करा असं सांगायला हे पत्र नाहीये, ते बोलणारे भरपूर आहेत. मला केसपेपरबद्दल बोलायचंय.

माझे मामा मोटरसायकलवरून पडले, नडगीचं हाड मोडलं, सरकारी दवाखान्यात ॲडमिट केलं. खिडकीवर सगळ्यांसमोर विचारलं, 'व्यसन?' मामी म्हणाली नाही. आता मागे गावातलीच चार माणसं उभी असताना कुठली बाई हो म्हणेल, सांगा. मामा पंधरा वर्षं रोज दीड क्वार्टर घेतात. पहिल्या दिवशी हात थरथरत होते, घाम फुटला होता, सिस्टर म्हणाल्या दुखत असेल. दुसऱ्या रात्री डोळ्याला डोळा नाही. तिसऱ्या रात्री मामा चादरीवरच्या मुंग्या वेचायला लागले, मुंगी एकही नव्हती, आणि मधेच ओरडायचे बैल सुटला, दावं आणा, आणि प्लास्टरच्या पायानं उठायला बघायचे. मामीनं कपाळाला अंगारा लावला, वॉर्डबॉयनं हात बँडेजपट्टीनं कॉटला बांधले, शेजारच्या पेशंटची बाई म्हणाली पडले त्या वळणावरचं काहीतरी धरलंय. पहाटे एक इंटर्न पोरगी आली, तिनं मामीला व्हरांड्यात नेलं आणि हळू आवाजात विचारलं, 'मावशी, यांनी शेवटची कधी घेतली होती?'

तीन दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदा आला साहेब. मग लोराझेपामचं, म्हणजे मेंदू शांत करणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन दिलं, थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, वॉर्डात नव्हतं ते मी बाहेरच्या मेडिकलमधून आणलं, आणि मामा वाचले.

रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की सहा-आठ तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर हा भ्रम, डॉक्टर लोक त्याला डीटी म्हणतात, त्यात माणूस दगावतो. म्हणजे पाय मोडून आलेला माणूस पायानं नाही, न विचारलेल्या प्रश्नानं जाऊ शकतो. औषधं काही परदेशातून आणायची नाहीत, डायझेपाम, लोराझेपाम, थायमिन, सगळी जुनी आणि स्वस्त.

आणि विचारायचं कसं हेही ठरलेलं आहे, जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची दहा प्रश्नांची यादी आहे, घाईच्या ओपीडीत त्यातले पहिले तीन विचारले तरी बरंच कळतं. फक्त आपल्या भाषेत विचारा हो. 'किती ड्रिंक' म्हटलं की मामा 'एखादं' म्हणणार, क्वार्टर विचारलं तर खरं सांगतील. व्हिस्कीची 180 मिलीची एक क्वार्टर म्हणजे त्या यादीच्या हिशोबानं जवळपास सहा ड्रिंक होतात!

डिस्चार्ज कार्डावर लिहून दिलं 'दारू सोडा'. बस. नालट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशा गोळ्या असतात, ओढ कमी करतात, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. मामीला एसटी स्टँडच्या भिंतीवरची जाहिरात दिसली, 'न सांगता जेवणातून द्या', ती पुडी घेऊन आली. मी फेकून दिली. त्यात काय असतं कोणाला माहीत, डायसल्फिराम, म्हणजे दारू प्यायली की त्रास व्हावा म्हणून देतात ते औषध, असलं आणि वरून माणूस प्यायला तर बीपी कोसळून जिवावर बेतेल. ते औषध वाईट नाही, पण पेशंटला माहीत असायलाच पाहिजे.

केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या सर्व्हेचा 2019 चा रिपोर्ट सांगतो, दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 जणांमागे एकालाच कसले तरी उपचार मिळतात. मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती संस्था 1986 पासून काम करतायत, पण सगळेच पुण्याला कसे पोचणार? 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक आजार धरलेत, तरी वॉर्डात आजही ऐकू येतं, 'बेवडा आहे, सोडा.' जून 2025 मध्ये दारूवरचा कर वाढवताना सरकारनं वर्षाला 14,000 कोटी जास्तीचे मिळतील म्हटलं होतं, त्यातून ग्रामीण रुग्णालयात थायमिनचा एक बॉक्स यायला हरकत नसावी.

मामांचा केसपेपर माझ्याकडे आहे. व्यसन या शब्दापुढे निळ्या पेनानं 'नाही' लिहिलंय. त्याच्या खाली एक ओळ छापून घ्या, 'शेवटची कधी घेतली, तारीख व वेळ', आणि ती खिडकीवर नाही, कॉटजवळ भरायला सांगा.

आपला,
एक भाचा