पानठेल्यावर मीच पाठवलं होतं

वडसा,
रविवार, रात्र

चि. रोहितला अनेक आशीर्वाद.

दिवाळीत तू धुवायला टाकून गेलास ती जीन्स आईने आज काढली. छोट्या खिशातून सुपारी, तंबाखू, चुना घोटलेल्या खर्र्याची घडी केलेली पन्नी निघाली, रबर गुंडाळलेलंच होतं. तिने ती माझ्यापुढे धरली अन् विचारलं, "ही तुमची की त्याची?" मला काही बोलताच आलं नाही.

फोन केला असता तर ओरडलो असतो, म्हणून लिहायला बसलो. पहिल्यांदा मनात आलं ते हेच, नागपूरची संगत, रूमवरची पोरं. मग हळूहळू दुसरं आठवत गेलं. तू दुसरीत होतास. घरी सोयरे आले होते. मी तुझ्या हातात नोट देऊन म्हटलं होतं, "जा रे, दोन खर्रे आण. तंबाखू कमी सांगजो." तू पळत गेलास, पळत आलास, अन् मामा म्हणाले, "पोरगं कामाचं आहे." पुढे पुढे तर तू लांबून दिसलास की ठेलेवाला न विचारताच घोटायला घ्यायचा. १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, शाळेपासून १०० यार्डांच्या आत तर कोणालाच विकता येत नाही. आमच्या शाळेच्या भिंतीवर तो फलक मीच रंगवून घेतला होता. अन् संध्याकाळी तुला ठेल्यावर पाठवत होतो.

२०१९ मध्ये देशभरातल्या १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांची पाहणी झाली होती. तंबाखू खाऊन पाहिलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलांनी वयाची १० वर्षं पुरी होण्याआधीच ती तोंडात टाकली होती. हा आकडा मी शाळेतल्या प्रशिक्षणात ऐकला, तेव्हा मान हलवून वहीत उतरवून घेतला. आज तुझं वय मोजलं. दुसरीत तू सात वर्षांचा होतास.

आपल्याकडे खर्रा कोणाला व्यसन वाटतच नाही रे. दारू पिणारा दारुड्या, खर्रा खाणारा मात्र चारचौघांतला. १९९३ पासून आपल्या गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे, ती आणायला माणसं रस्त्यावर उतरली होती. खर्र्यासाठी तसं कोण उतरणार? धानाच्या रोवणीच्या बांधावर तो निघतो, लग्नाच्या बैठकीत निघतो, मयतीहून परतताना झाडाखाली निघतो. नाही म्हणणारा शिष्ट ठरतो. आजी दातांना तंबाखूची नस घासायची, तेव्हा तिच्या डबीचं झाकण उघडून द्यायला तुलाच आवडायचं. "खर्रा काढ ना बे" ही आपल्याकडे दोस्ती जुळवायची पहिली ओळ आहे. तुला रूमवर कोणी तीच म्हटली असेल, अन् तुला त्यात गावाकडचंच काही ऐकू आलं असेल. रात्री झोप उडते, भूक मरते, अभ्यास होतो, हेही सांगितलं असेल. तू कच्चा आहेस म्हणून हे झालं, असं मी म्हणत नाही.

आता माझं. वर्षभर आईच्या भाजीला मी नावं ठेवत होतो, तिखट फार टाकतेस म्हणून. तिखट तेवढंच होतं. गेल्या महिन्यात बाजारात गुपचुपवाल्याकडे पाणीपुरी खायला थांबलो तर पुरी तोंडात जाईना, हातातच फुटली अन् पाणी शर्टावर सांडलं. दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, बोटं उभी करून तोंडात घाला. तीन जायला हवीत. माझी दोनही नीट जात नाहीत. गालाच्या आतली कातडी ताठ झालीय, चामड्यासारखी. डॉक्टर म्हणाले, हे पुरतं मागे फिरत नाही, जपलं तर आहे तिथे थांबेल. दर तीन महिन्यांनी तपासायला बोलावलंय, कारण अशा तोंडात पुढे कॅन्सरची भीती असते.

अन् हे प्रामुख्याने सुपारीचं काम आहे. "तंबाखू कमी सांगजो" म्हणत मी आयुष्यभर शहाणपणा केला, पण खर्र्यात खरा भरणा सुपारीचाच. नुसत्या सुपारीनेही कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलंय. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली तेव्हा आम्ही स्टाफरूममध्ये खर्रा खात खात म्हणत होतो, बरं झालं, गुटखा वाईटच.

मी सोडलाय. आज एकविसावा दिवस. पहिला आठवडा वाईट गेला, शाळेत पोरांवर विनाकारण खेकसलो. बडीशेप खिशात ठेवतो. संध्याकाळी चौकातून न येता रेल्वे फाटकाकडून फिरून येतो, कारण ठेल्यावर मंडळी हाका मारतात अन् मला अजून नाही म्हणायला जड जातं. ४६ वर्षांच्या माणसाला जड जातं, तर सतराव्या वर्षी तुला किती जात असेल.

तू किती खातोस, कधीपासून, हे मला फोनवर सांगू नको. आरशासमोर उभा राहून तीन बोटं तेवढी घालून बघ. मग शनिवारच्या गाडीने ये. सोमवारी मला तपासायला जायचंय, सोबत चल, तुझंही दाखवून घेऊ. आईला काय सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू.

तिने वांग्याचं भरीत करायचं ठरवलंय. माझ्यासाठी बिनमिरचीचं, तुझं वेगळं काढून ठेवणार आहे.

तुझा,
बाबा