बांधाची उंची आणि बांधातली बिळं

छत्रपती संभाजीनगर
१४ एप्रिल

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार. एम.एस्सी.च्या पोरांना एक-आयन चुंबकावर, म्हणजे एकाच धातू-आयनामुळे चुंबकासारख्या वागणाऱ्या रेणूवर, काम द्यायचं म्हणतोस, तर कोबाल्टपासूनच सुरू कर. डिस्प्रोशियमचे आकडे डोळे दिपवतात, पण त्यातले सगळ्यात चांगले रेणू हवेचा नि ओलाव्याचा वारासुद्धा सहन करत नाहीत.

पोरांना बांधाची गोष्ट सांग. स्पिनचं तोंड वर किंवा खाली. एका वाफ्यातलं पाणी शेजारच्यात जाऊ नये म्हणून मधे बांध असतो, तसा या दोन दिशांमधे ऊर्जेचा अडथळा. कोबाल्ट(II) चा स्पिन ३/२, त्यामुळे बांधाची उंची डी या गुणांकाच्या दुप्पट (आयनाला एक दिशा किती प्यारी, ते हा डी सांगतो). डी ऋण हवा; धन असेल तर स्पिनला वर-खाली असा सोपा अक्ष नाही, आडवं सोपं प्रतल मिळतं. आता सगळे डी वाढवायच्या मागे लागतात, आणि मला वाटतं चूक तिथंच होते. पाणी दरवेळी बांधावरून जात नाही, उंदराच्या बिळातूनही जातं.

२०१० मधे बर्कलीत जेफ्री लाँग यांच्या गटानं त्रिकोणी पिरॅमिडच्या आकाराचा लोह(II) रेणू दाखवला. अडथळा ४२ वेव्हनंबर (ऊर्जेचं एकक, सेंमी⁻¹; पुढचे आकडेही त्यातच), तोही १५०० ओर्स्टेडचं चुंबकीय क्षेत्र लावल्यावर. २०११ मधे त्याच गटानं कोबाल्टला चार थायोफिनोलेट (गंधकाचे गट) जोडलेला रेणू घेतला, आणि क्षेत्र न लावताही मंद शिथिलन, म्हणजे स्पिनचं हळूहळू उलटणं, दिसलं. डी तेव्हा -७० च्या आसपास आला. म्हणजे उंची १४० च्या आसपास हवी. मोजल्यावर भरली २१. बाकीचं पाणी बिळातूनच गेलं! पुढे २०१३ मधे सरळ रेषेतल्या, दोनच लिगंड (धातूला जोडलेले गट) असलेल्या लोह(I) नं २२६ गाठले, आणि २०१८ मधे तशाच कोबाल्टनं ४५०. लिगंड जितके कमी नि जितके एका रेषेत, तितका इलेक्ट्रॉनचा कक्षीय कोनीय संवेग शाबूत राहतो, आणि डी त्यातूनच मोठा होतो. ३डी कक्षा बाहेर पसरलेल्या असल्यामुळे एरवी लिगंड तो विझवून टाकतात.

तुझ्या प्रयोगशाळेत मात्र ते २०११ चंच संयुग जमेल. नायट्रोजनखाली, कोरड्या अ‍ॅसिटोनायट्राइलमधे निर्जल कोबाल्ट क्लोराइड १३० मिग्रॅ (१ मिलिमोल), पोटॅशियम थायोफिनोलेट ७४१ मिग्रॅ (५ मिलिमोल) आणि टेट्राफिनाइलफॉस्फोनियम ब्रोमाइड ८३९ मिग्रॅ (२ मिलिमोल). हिशेबानं थायोफिनोलेट चारच लागतं, पण एक जास्त घे. ते कमी पडलं की चार कोबाल्टांचा गुच्छ तयार होतो, ज्यात दहा थायोफिनोलेट असतात. हवा आत शिरली की थायोफिनोलेटचं डायसल्फाइड होतं, म्हणजे तीच टंचाई पुन्हा. पोटॅशियमची मिठं गाळून काढ, वर ईथरची वाफ हळूहळू मुरू दे. गडद हिरवे स्फटिक येतील. काचसामान सोडियम हायपोक्लोराइटमधे बुडव, नाहीतर सगळी इमारत वासानं रिकामी होईल. त्या हायपोक्लोराइटजवळ आम्ल मात्र आणू नका.

मोजणीसाठी २० मिग्रॅ पुरे, म्हणजे १७ मायक्रोमोल. स्फटिक बारीक कुटून आयकोसेन या मेणात बसवा. सुटी भुकटी चुंबकीय क्षेत्रात स्वतःच फिरून रांगेत लागते आणि आकडे फुगतात. आयकोसेन ३७ अंशांच्या आसपास वितळतं, आणि परभणीचा मे तुला ठाऊक आहे. नमुना बंद करून टेबलावर ठेवला तरी भुकटी तळाशी बसेल. पाठवायचा असेल तर थंड पेटीतून पाठव, किंवा जिथं मोजणी आहे तिथंच भर.

आधी खोलीच्या तापमानाला काय-टी (मोलर चुंबकीय ग्राह्यता गुणिले तापमान) बघ. नुसत्या स्पिनचा हिशेब १.८८ येतो, चौफलकीय कोबाल्टला २.२ ते ३ च्या दरम्यान हवा. त्याबाहेर गेला तर वजन, मिश्रण आणि पास्कलची प्रतिचुंबकीय दुरुस्ती (जोडीत असलेल्या इलेक्ट्रॉनांचा वाटा वजा करणं) तपासा. मग एसी मोजणी, म्हणजे सतत उलटणाऱ्या क्षेत्रातली, १.८ केल्व्हिनपासून, १ ते १५०० हर्ट्झ. १५०० हर्ट्झला शिखर आलं तर शिथिलनकाळ (टाऊ) ०.१ मिलिसेकंद, त्याहून वेगवान काही या यंत्राला दिसत नाही.

आता खरी खबरदारी. चार-पाच बिंदूंतून अ‍ॅरेनियसची सरळ रेषा (टाऊचा लॉग विरुद्ध १/तापमान) काढून अडथळा जाहीर करू नका. त्या सूत्रातला घातांकाआधीचा घटक, म्हणजे टाऊ-शून्य, १०⁻⁶ किंवा १०⁻⁷ सेकंद आला तर शंका घ्या. खरी बांधावरून चढाई असेल तर तो सहसा १०⁻⁹ च्या आसपास किंवा त्याच्याही खाली असतो. टाऊ विरुद्ध तापमान हा आलेख दोन्ही अक्षांवर लॉग घेऊन काढ. सरळ आला तर ती रामन प्रक्रिया (स्फटिकाच्या कंपनांच्या मदतीनं उलटणं), बांधाचं झिरपणं. खालच्या तापमानाला तो सपाट झाला तर क्वांटम टनेलिंग (अडथळा न चढता आरपार जाणं), ते बीळ. टनेलिंग थांबवायला झिंकच्या तशाच, पण चुंबकीय नसलेल्या, संयुगात ५ टक्के कोबाल्ट मिसळ, म्हणजे शेजाऱ्यांची चुंबकीय धडपड थांबेल. कोबाल्टच्या केंद्रकाचा ७/२ स्पिन मात्र तिथंच राहतो, त्याला इलाज नाही. आणि डी-चं चिन्ह चुंबकनाच्या फिटवरून ठरवू नको, दोन्ही चिन्हांना फिट बऱ्याचदा सारखीच बसते.

तेव्हा पोरांना आधी झिंकचं संयुग बनवायला लाव, आणि त्याची एकक कोठी (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा सगळ्यात लहान ठोकळा) कोबाल्टच्या कोठीशी जुळते का ते एक्स-रेवर बघ. मिश्र स्फटिकात प्रत्यक्ष कोबाल्ट किती उतरला तेही मोजून घे, फ्लास्कमधल्या प्रमाणावर विसंबू नको. हे झालं की कळव, पुढचं क्षेत्र किती लावायचं ते आकडे पाहून ठरवू.

तुझा,
विलास