सहीसोबत तारीख हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पितृपक्ष सरला की नाशिकच्या जुन्या वाड्यांमधले माळे रिकामे व्हायला लागतात. ट्रंकांतून भीमसेन जोशी, कुमार गंधर्व, किशोरी आमोणकर अशा शास्त्रीय गायकांच्या सह्या असलेल्या कार्यक्रमपत्रिका निघतात, ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या तबकड्या निघतात, कुणा आजोबांच्या चिजांच्या, म्हणजे बंदिशींच्या, वह्या निघतात. दिवाळीपर्यंत त्यातले बरेच काही किलोच्या भावाने रद्दीत गेलेले असते. जे घरात राहते, त्याचेही चांगल्या हेतूनेच नुकसान होते. सध्या ही आवराआवर सुरू होत असल्याने हे पत्र लिहीत आहे.

सर्वांत मोठे नुकसान वाळवी करत नाही, नोंद नसल्यामुळे ते होते. वहीच्या कोऱ्या पानावर नुसती सही असेल तर वीस वर्षांनी घरातलेही ती कुणाची ते सांगू शकत नाहीत. सही घेतली त्याच रात्री तारीख, ठिकाण, आयोजक, गायलेले राग आणि साथीदारांची नावे लिहून ठेवावीत. तबल्याला कोण होते, पेटीवर कोण होते, तानपुऱ्यावर मागे कोणते शिष्य बसले होते, हे पुढे कुठेच सापडत नाही. ही नोंद सहीच्या पानावर बॉलपेनने करू नये, दाब पलीकडे उमटतो. मऊ २बी पेन्सिलीने मागच्या बाजूला कडेला लिहावे, किंवा वेगळी चिठ्ठी करून सोबत ठेवावी.

सही मागायची ती मैफल संपल्यावर, कलाकाराने पाणी पिऊन झाल्यावर, आणि शक्यतो शिष्यामार्फत. ग्रीनरूममध्ये तानपुरे जुळत असताना आत शिरणे हा अपराध आहे. एकच वस्तू पुढे करावी, खाली पुठ्ठा द्यावा, पेनाचे टोपण आधीच काढलेले असावे. साध्या कागदावर पिगमेंट शाईचे ०.५ मिमी टोकाचे पेन उत्तम. एलपीच्या, म्हणजे लाँग-प्ले तबकडीच्या, चकचकीत कव्हरवर ते धरत नाही, तिथे बारीक टोकाचा पर्मनंट मार्करच लागतो, आणि सही झाल्यावर वीस मिनिटे कव्हर उघडे ठेवावे लागते. घाईने प्लास्टिकमध्ये सरकवले की अर्धी सही प्लास्टिकला चिकटून येते.

प्लास्टिकचेही प्रकार आहेत. नव्या रेनकोटसारखा वास येणारे पीव्हीसीचे पाऊच शाई ओढून घेतात आणि काही वर्षांनी चिकट होतात. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे पाऊच घ्यावेत. लॅमिनेशन तर कधीही करू नये. उष्णतेने वितळलेला तो थर कागदापासून पुन्हा सोडवता येत नाही. सेलोटेप, स्टेपलरची पिन, रबरबँड हे सगळे आधी काढावे. सतारीची मिजराब (बोटात घालायची तारेची नखी) जपलेली असेल तर ती कागदासोबत ठेवू नये, तार गंजते आणि गंजाचा डाग कागदावर कायमचा बसतो. फ्रेम करून दिवाणखान्यात लावायची असेल तर सहीची रंगीत प्रत लावावी. फाउंटन पेनची निळी शाई उजेडात काही वर्षांतच उडते.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत एवढा ओलावा असतो की भिंतीला टेकलेल्या कपाटात बुरशी धरतेच. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे, खालचा खण रिकामा सोडावा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. निळे दाणे गुलाबी झाले की बदलावेत. डांबरगोळ्या टाकू नयेत. सराफ बाजार, भांडी बाजार परिसरातल्या वाड्यांनी तर संग्रह तळमजल्यावर ठेवूच नये. ऑगस्ट २०१६ चा गोदेचा पूर तिथल्या दुकानदारांना आठवत असेल. कागद भिजलाच तर उन्हात वाळवू नये, तो वेडावाकडा होतो. पाने सुटी करून टीपकागदांमध्ये ठेवावीत आणि पंख्याखाली वाळवावीत. एवढे लगेच जमणार नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावे. दोन दिवसांत बुरशी सुरू होते, थंडीने ती थांबते आणि सवड मिळते.

आता खऱ्याखोट्याविषयी, कारण विकत घेणाऱ्यांची फसवणूक इथेच होते. दहापट भिंगातून पाहिल्यावर सहीच्या रेषेत बारीक ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती कव्हरबरोबर छापलेली सही. बॉलपेनची रेघ कागदात खोबण पाडते, फाउंटन पेनची शाई तंतूंत किंचित पसरते. त्यानंतर तारखा जुळवाव्यात. किराणा घराण्याचे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले आणि बॉलपेन बाजारात आले १९४५ मध्ये, तेव्हा बॉलपेनने केलेली त्यांची सही पाहायचीही गरज नाही. आपल्या नाशिकचे गायक डी. व्ही. (बापूराव) पलुस्कर १९२१ साली इथेच जन्मले आणि १९५५ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. त्यांच्या गायनाच्या एलपी त्यांच्या पश्चात निघाल्या. म्हणून एलपीच्या कव्हरवर ‘बापूरावांची सही’ कुणी दाखवली तर हात जोडून परत यावे. अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली निळाभोर चमकणारा कागद साधारण १९५० नंतरचा असतो, हेही ध्यानात ठेवावे. सही खरी असली तरी ती कुणाकडून आली, त्यांना कुठे मिळाली, हे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे.

सह्यांपेक्षाही मोलाच्या आहेत त्या चिजांच्या वह्या, आणि नाशिकमध्ये त्या असणारच. बापूरावांचे वडील आणि स्वतःची स्वरलिपी (स्वर लिहिण्याची पद्धत) तयार करणारे गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुस्करांनी अखेरच्या वर्षांत रामनाम आधाराश्रम याच गावात उभारला. अशा वहीतली स्वरलिपी वाचताना हमखास चूक होते. पलुस्कर पद्धतीत मंद्र (खालच्या) सप्तकाच्या स्वराच्या डोक्यावर टिंब असते आणि तार (वरच्या) सप्तकाच्या स्वरावर उभी रेघ. आज बहुतेकांना सवय आहे विष्णु नारायण भातखंडे यांच्या पद्धतीची, आणि त्यात डोक्यावरचे टिंब म्हणजे तार सप्तक. सवयीने वाचले की मंद्रातला निषाद थेट तारात जातो, दोन सप्तकांचा फरक पडतो आणि चिजेची चाल ओळखूच येत नाही. म्हणून प्रत करण्याआधी वही कोणत्या पद्धतीची आहे ते ठरवावे.

प्रतही मोबाइलच्या ‘डॉक्युमेंट’ मोडमध्ये काढू नये. कागद पांढराशुभ्र करण्याच्या नादात तो मोड नेमकी ही टिंबे आणि पेन्सिलीच्या खुणा पुसून टाकतो. सपाट स्कॅनरवर, रंगीत, ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करावे आणि कोरी पानेही सोडू नयेत. मागच्या पानावर हिशेब, पत्ते, शिकवणीच्या तारखा असतात, त्यावरूनच वहीचा काळ ठरतो.

तबकड्यांविषयी थोडेसे. ७८ ची तबकडी लाखेची असते. सॅनिटायझर किंवा स्पिरिट लावले की लाख विरघळते आणि खाचा कायमच्या जातात. डिस्टिल्ड पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून मऊ कापडाने, खाचांच्या दिशेने पुसावे आणि लेबल कोरडे ठेवावे. तबकड्या उभ्याच ठेवाव्यात. एलपीची सुई त्यांच्यावर चालवू नये, ७८ ला रुंद टोकाची वेगळी सुई लागते. लेबलजवळच्या गुळगुळीत भागावर कोरलेला क्रमांकही नोंदीत उतरवावा.

कलावंतांची पत्रे असतील तर कागद तुमचा, पण मजकूर छापण्याचा हक्क पत्र लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या पश्चात वारसांचा; हयातीत न छापलेल्या पत्राबाबत तो प्रथम प्रसिद्धीनंतर साठ वर्षांपर्यंत टिकतो. पत्राचा फोटो समाजमाध्यमावर टाकण्याआधी त्यांची परवानगी घ्यावी.

संस्थेला संग्रह देताना नुसता विश्वास ठेवून गठ्ठा सोपवू नये. वस्तूवार यादी दोन प्रतींत करावी, एका प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्यावी, आणि ‘संस्थेला नको असेल तेव्हा देणाऱ्याला परत’ ही अट त्यात घालावी. नाशिकला १८४० पासून सार्वजनिक वाचनालय आहे. तिथे किंवा गावातल्या अन्य ग्रंथालयात केवळ संगीताच्या कागदांसाठी एक लोखंडी कपाट आणि महिन्यातून दोन दिवस स्कॅनरपाशी बसणारा माणूस, एवढी सोय व्हावी अशी संबंधितांना विनंती आहे. ती होईपर्यंत माळ्यावरून निघालेली वही निदान घरातल्या किंवा ओळखीतल्या एखाद्या गाणाऱ्याला दाखवल्याशिवाय रद्दीवाल्याच्या तराजूत टाकू नये.

आपला,
एक संग्राहक, नाशिक