फ्लॉरेन्सच्या काशीने पार्कातल्या सायकलवाल्या आजोबांना, कोल्हापूरच्या चौघींकडून

आजोबा, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, त्याची रुखरुख अजून जात नाही. तुम्ही आमच्याकडून मुद्दाम मराठी बोलून घेतलंत आणि डोळे मिटून ऐकत बसलात, म्हणून हे पत्र मराठीतच लिहितेय, आमची म्युनिकला असणारी मैत्रीण ते इटालियनमध्ये करून घेणारे. फ्लॉरेन्समधलं कुणीतरी वाचेल आणि तुमच्यापर्यंत पोचवेल अशी आशा आहे.

त्या दिवशी सकाळी आम्ही डुओमोच्या, म्हणजे तुमच्या मोठ्या कॅथेड्रलच्या, घुमटावर चढलो होतो. 463 पायऱ्या, लिफ्ट नाही, आणि जिना घुमटाच्या दोन भिंतींच्या मधून जातो, इतका अरुंद की समोरून कुणी आलं की अंग चोरून उभं राहायचं. ब्रुनेलेस्कीनं खालून लाकडी आधार न देता एवढा मोठा विटांचा घुमट 1436 पर्यंत उभा केला, ते वर जाऊन बघताना खरंच छाती दडपली. पण उतरताना आमच्यातल्या एकीचा पाय मुरगळला आणि तिनं ते कुणाला सांगितलंच नाही, कारण दुपारी आम्हाला काशीने पार्कात आमच्या कोल्हापूरच्या राजाराम महाराजांच्या समाधीला, त्यांच्या छत्रीला, जायचं होतं आणि आपल्यामुळे ते बुडायला नको असं तिला वाटलं.

ट्रामनं काशीनेच्या स्टॉपला उतरलो. आम्हाला वाटलं पार्कात शिरलं की आलंच, पण पार्क आर्नो नदीच्या काठानं तीन किलोमीटरपेक्षा लांब पसरलेलं आणि छत्री अगदी पार त्या टोकाला. अर्ध्या वाटेत ती बाकावर बसली ती उठेचना, घोटा टम्म सुजलेला. परत फिरायचं आमचं जवळजवळ ठरलं होतं.

तेवढ्यात तुम्ही सायकलवरून आलात, आमच्याकडे बघितलंत आणि आम्ही काही बोलायच्या आधीच विचारलंत, "इंडियानो?" छत्रीला तुमच्याकडे हेच म्हणतात. तो एक शब्द ऐकून केवढा धीर आला ते मी सांगू शकत नाही. तुम्ही तिला सायकलवर बसवलंत आणि स्वतः हॅन्डल धरून शेवटपर्यंत चालत आलात, आम्ही कितीदा म्हटलं आम्ही ढकलतो, तुम्ही ऐकलंच नाहीत.

वाटेत तुम्ही नदीकडे बोट दाखवून 4 नोव्हेंबर 1966 चा पूर सांगितलात. तुम्ही तेव्हा आठ वर्षांचे, पाणी ओसरल्यावर घराच्या भिंतींवर हीटिंगच्या तेलाचा काळा थर, आणि आई तो दिवसचे दिवस घासत होती. मी तुम्हाला फोनवर आमच्या शाहूपुरीतल्या घराचे फोटो दाखवले, ऑगस्ट 2019 चे, पंचगंगेचं पाणी घरात घुसलं तेव्हाचे, आईचं लोखंडी कपाट चिखलात आडवं पडलेलं. तुम्ही सायकल थांबवलीत, फोटो मोठा करून बघितलात आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलात. आजोबा, पूर घरात आल्याशिवाय तो काय असतो ते कळत नाही, तुम्हाला ते सांगावं लागलं नाही.

आणि मग छत्री. लहानपणापासून ऐकलेलं, की आमचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परत येताना फ्लॉरेन्समध्ये वारले, 30 नोव्हेंबर 1870 ला, वय फक्त 20. तिथं तेव्हा अग्नी द्यायची पद्धतच नव्हती, तरी परवानगी मिळाली आणि आर्नो आणि मुन्योनेच्या संगमावर रात्री त्यांना अग्नी दिला. 1874 मध्ये तिथं ही छत्री उभी राहिली. हे सगळं माहीत होतं, पण फेटा घातलेल्या पुतळ्याचा तो रंगवलेला चेहरा समोर आला आणि माझ्या डोळ्यांपुढे माझा धाकटा भाऊ आला, तोही आत्ता विसाव्या वर्षात आहे. घरापासून इतकं लांब, आपलं माणूस नाही, आपली भाषा नाही... आम्ही चौघीही रडलो. तुम्ही टोपी काढून बाजूला उभे राहिलात, एक शब्द बोलला नाहीत. नंतर शेजारचा मोठा पूल दाखवून म्हणालात की त्यालाही इंडियानोच म्हणतात. म्हणजे महाराजांची आठवण तुमच्या गावाच्या रोजच्या बोलण्यात आहे, हे आम्हाला कोल्हापुरात बसून कधी कळलं नसतं!

परत जाताना तुम्ही औषधाच्या दुकानातून क्रेप बँडेज आणून स्वतः बांधलंत, पैसे घेतले नाहीत, बस येईपर्यंत थांबलात आणि ड्रायव्हरला आम्हाला कुठं उतरवायचं ते नीट सांगितलंत. उफिझी, पोन्ते वेक्क्यो सगळं बघितलं आम्ही आणि सगळंच सुंदर आहे, पण घरी सगळ्यात आधी सांगितलं ते तुमचंच. माझ्या आईनं तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

पाय आता बरा आहे, ती परवा रंकाळ्याला एक पूर्ण चक्कर मारून आली.

आजोबा, तुम्ही कोल्हापूरला याच. तुमच्याकडची छत्री ज्या मँट साहेबानं डिझाइन केली त्यानंच आमचा नवा राजवाडा डिझाइन केला, तो दाखवू, मग पंचगंगेच्या घाटावर जाऊ. उतरायला आमचं शाहूपुरीतलं घर आहेच, आईनं खोलीसुद्धा ठरवून ठेवलीय. तिखट कमी घालू.

तुमच्या,
कोल्हापूरच्या चौघी