डाय खाली ठेव, आधी हे वाच

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसलो, कारण तू कामाला हात घालायच्या आत हे तुला मिळायला हवं. त्या माउझर 98 या जर्मन बंदुकीच्या नळीचे सुरुवातीचे दोन आटे चेपलेत, म्हणून वरून डाय (बाहेरचे आटे कापायची कडी) फिरवून साफ करतो म्हणतोस. अरे, नको. नळीचा मध्य कुठे आहे हे डायला कळत नाही. पहिल्या खराब आट्यावर ती जशी बसेल तशी पुढे जाते. तिरकी बसली, तर शाबूत असलेले आटेही कापून टाकेल. आणि कापलेलं लोखंड परत येत नाही.

काम लेथवरच कर. चकमध्ये (लेथच्या पकडीत) नळी धरलीस की बाहेरच्या गोलावर विश्वास ठेवू नकोस. डायलची सुई भोकात घालून भोक मध्यावर आण. जुन्या नळ्यांचं बाहेरचं अंग आणि आतलं भोक क्वचितच एकमेकांशी पटतं. मग लेथ बंद ठेवून टूल (कापायचं पातं) जुन्या खाचेत बसव. हाफ नट (टूलला लेथच्या लांब स्क्रूशी जोडणारा नट) लावून चक हाताने कापायच्या दिशेलाच थोडा फिरव, म्हणजे बॅकलॅश (जोडांमधली ढिलाई) निघून जाईल. त्यानंतरच टूल सरकवून खाचेच्या दोन्ही बाजूंना सारखं टेकव. भिंगातून बघ, मागे पांढरा कागद धर. मला यात अर्धा तास लागतो आणि कापायला पाच मिनिटं. चेपून वर आलेला काठ तेवढा निघाला पाहिजे, आट्याच्या उताराला धक्का लागता कामा नये.

तुझा लेथ मेट्रिक आहे, हे विसरू नकोस. या नळीचे आटे इंचातले आहेत: व्यास 1.100 इंच, एका इंचात 12 आटे, म्हणजे पिच (एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर) 2.117 मि.मी. त्यासाठी 127 दातांचा गिअर लावावा लागतो, आणि एकदा हाफ नट लावला की काम संपेपर्यंत सोडायचा नाही. टूल मागे घे, लेथ उलटा फिरवून परत ये. मधेच सोडलास तर खाच परत सापडेल याची खात्री नाही.

जर्मन बंदूक आणि इंचाचे आटे, हे तुला खटकलं असेलच. मलाही खटकलं होतं. इंग्रज अभियंता व्हिटवर्थ याने 1841 मध्ये 55 अंशांचा आटा (दोन उतारांमधला कोन 55 अंश) मांडला आणि तो इंग्लंडबाहेरच्या कारखान्यांतही रुजला. मेट्रिक आट्यावर झुरिकला एकमत झालं ते 1898 मध्ये. नेमकी त्याच साली ही बंदूक जर्मन सैन्याने स्वीकारली. म्हणून हिचे आटे 55 अंशांचे. अमेरिकेत सेलर्सने 1864 मध्ये 60 अंश सुचवले, आणि आज तुझ्या-माझ्या खणातली बहुतेक टूल्स 60 चीच असतात.

आता माझी फजिती सांगतो. अशीच एक नळी हातात होती. शहाणपणा एवढाच केला की आधी एका साध्या लोखंडी तुकड्यावर तसेच आटे कापून पाहिले. तीन वायरींनी मोजत होतो: एका बाजूला दोन, समोर एक, वर मायक्रोमीटर. (तिसरा हात कुणी दिला असता तर बरं झालं असतं, शेवटी वायरी ग्रीसने चिकटवल्या.) वायर 1.193 मि.मी.ची. या पिचच्या 55 अंशांच्या आट्याला हीच योग्य, कारण ती उताराला बरोबर पिच रेषेवर टेकते, म्हणजे जिथे आटा आणि खाच सारख्याच रुंद असतात तिथे. हिशेबाने वायरींवरून माप यायला हवं होतं 28.328 मि.मी. आलं 28.331. मी खूश!

तुकडा रिसीव्हरमध्ये (नळी ज्यात आट्यांनी बसते त्या बंदुकीच्या मुख्य भागात) फिरवला, तर दोन आट्यांनंतर गच्च. पुसलं, तेल लावलं, पुन्हा गच्च. हातात टूल होतंच, अजून दोन शतांश मि.मी. घ्यावेत असं मनात आलंही. नशीब, त्याआधी कुठे घासतं ते दाखवणारा निळा रंग लावून पाहिला. रंग पुसला गेला होता तो फक्त आट्याच्या मुळाशी. टोकाकडे उतार कोरडाच.

टूल घासताना कोन तपासायचा गेज मी 55 ऐवजी 60 चा उचलला होता. दोन्ही गेज एकाच डबीत, दिसायला सख्खे भाऊ. आणि मापाने मला पकडलं नाही, कारण योग्य वायर पिच रेषेवर टेकते म्हणूनच तिला कोनातली चूक जवळजवळ दिसत नाही. तिचा गुण तोच तिचा आंधळेपणा. मग 1.5 मि.मी.च्या पिना लावून मोजलं. 55 चा आटा असता तर 29.300 यायला हवं, आलं 29.25. पाच शतांशांचा फरक, लपायला जागाच नाही. जाड पिन उतारावर वर टेकते, तिथे कोन उघडा पडतो.

तेव्हा मी आणखी कापलं असतं तर तुकडा आत गेला असता, घट्टही वाटला असता, आणि सगळा भार मुळाजवळच्या एका बारीक पट्टीवर आला असता. काडतूस उडतं तेव्हा बोल्ट मागे रेटला जातो, रिसीव्हर तो धरतो, आणि रिसीव्हरला नळीशी बांधून ठेवतात ते हे आटेच. त्यात मला पट्टी नको होती.

म्हणून तू वायरींचे दोन संच घे, एक योग्य मापाचा, एक जाड. दोन्हींवरून काढलेला पिच व्यास (पिच रेषेवरचा व्यास) जुळला तरच कोनावर विश्वास ठेव. माथ्याचा व्यास कॅलिपरने मोजून काही ठरवू नकोस. जुन्या नळीचे माथे घासलेले असतात आणि त्याने फारसं बिघडत नाही.

आटे पाच-सहापर्यंत गेलेले निघाले तर दुरुस्तीचा हट्ट सोड. नळी एक पिच मागे घेता येते, पण मग चेंबर (काडतूस बसायची जागा) पुन्हा कापावा लागतो, आणि 98 ची नळी रिसीव्हरच्या आतल्या कड्यावर टेकत असल्याने तिथली लांबीही जपावी लागते. ते माझ्या-तुझ्या हौसेचं काम नाही, परवाना असलेल्या बंदूक दुरुस्तीवाल्याला दे. आणि दुरुस्ती किती का छोटी असेना, हेडस्पेस गेज (बोल्ट बंद असताना काडतुसाला मिळणारी जागा तपासायचा) लावल्याशिवाय त्या नळीत काडतूस घालायचं नाही.

मी 60 चा गेज आता वेगळ्या डबीत ठेवलाय, वर लाल रंगाचा ठिपका. त्या दोन चेपलेल्या आट्यांचा जवळून काढलेला फोटो पाठव, शेजारी आटे मोजायची पाती धरून. काठ आत वळलाय की बाहेर, ते बघून पुढचं लिहितो.

तुझा,
लेथवरचा जुना सोबती