मीटिंग सोडू नकोस

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडल्यापासून तू दारूला शिवला नाहीस, हे वाचून जिवाला विसावा मिळाला. मात्र अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या, मीटिंगमध्ये सारखे ईश्वराचे नाव निघते आणि ज्याच्यावर विश्वास नाही त्याची प्रार्थना म्हणणे तुला खोटेपणाचे वाटते, म्हणून तिथे जाणे थांबवावे असे तू लिहितोस, त्याविषयी सविस्तर लिहिते.

तुझी अडचण प्रामाणिक आहे आणि ती तुझ्या एकट्याची नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचे पुस्तक १९३९ साली छापले जाण्यापूर्वी त्या मंडळींतल्या देव न मानणाऱ्यांनी याच मुद्द्यावर वाद घातला होता आणि त्यामुळेच दारूतून सुटण्यासाठी त्यांनी आखलेल्या बारा पायऱ्यांमध्ये ईश्वर ‘आम्हाला जसा उमगला तसा’ झाला. सभासद होण्यासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट आहे.

मला तर या संघटनेच्या आरंभाची हकीकत त्याहून मोलाची वाटते. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल विल्सन धंद्याचे काम फिसकटल्यावर ओहायोतील ॲक्रन शहरात एका हॉटेलच्या लॉबीत एकटाच उभा होता. दारू सोडून काही महिनेच झालेले, एकीकडे बारमधून ऐकू येणारे हसणे-बोलणे आणि दुसरीकडे टेलिफोन. त्याने टेलिफोन उचलला आणि चर्चच्या यादीतले नंबर फिरवत, एखाद्या दारुड्याशी मला बोलता येईल का, अशी विचारणा सुरू केली. त्यातून डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी गाठ पडली. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर कित्येक तास बसले, कारण समोरचा माणूस उपदेश न करता आपलीच कहाणी सांगत होता. बिल स्वतः श्रद्धेकडे वळलेला होता, तरीही त्या दिवशी त्याला आपल्यासारखा दुसरा माणूस शोधावा लागला, हे तू लक्षात घे.

मी जिथे जाते त्या अल-अनॉनच्या, म्हणजे दारूच्या आहारी गेलेल्यांच्या घरच्यांसाठी असलेल्या गटाच्या, बायका शाळेच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसतात. आपले घर माळकऱ्यांचे, पण तू केंद्रात दाखल झालास त्या रात्री मला विठ्ठलाचे नावसुद्धा घेववेना. गटातल्या एका भाभींना फोन केला. त्यांनी काही समजावले नाही. माझे रडणे थांबेपर्यंत ‘मी आहे, बोला’ एवढेच त्या म्हणत राहिल्या. त्या फोननंतर नाम पुन्हा ओठांवर आले, आणि ते एका नमाजी बाईमुळे आले, याचा मला फार आनंद वाटतो.

म्हणून देव आहे की नाही याचा निकाल लागल्यावरच मीटिंगला जाईन, असे ठरवू नकोस. प्रार्थनेच्या वेळी गप्प उभा राहा, त्यात काही खोटेपणा नाही. तूर्त त्या खोलीत वर्षानुवर्षे न पिता जगणाऱ्या माणसांवर भरवसा ठेव, आणि मला लिहिलेस तेच सारे तुझ्या स्पॉन्सरला, म्हणजे तुला वाट दाखवणाऱ्या जुन्या सभासदाला, आजच फोन करून सांग.

पुढच्या महिन्यात मी तुझ्याकडे येत आहे. तेव्हा घरच्यांना येता येईल अशी ओपन मीटिंग असली तर मला घेऊन जा. साधारण किती मंडळी असतात ते कळव, म्हणजे त्या बेताने लाडू करून आणीन.

तुझी,
आई